लेडनहॉल रस्त्यावरील अबोल कारकून

थोडे बोलणाऱ्या मनुष्याची आजच्या कंपन्यांत जी कुचंबणा होते ती आमच्या बहुतेक वाचकांच्या घरातलीच गोष्ट असेल. वर्षाच्या अखेरीस त्याच्या कामाचा आढावा घेतला जातो, तेव्हा कामाविषयी कोणाचीच तक्रार नसते. हिशेब चोख असतो, मुदत पाळलेली असते, चूक काढावयास जागा नसते. तरीही शेवटच्या रकान्यात वरिष्ठांचा शेरा पडतो की, यांनी सभांतून अधिक बोलावे आणि आपले अस्तित्व इतरांस जाणवू द्यावे. बढतीची यादी लागते तेव्हा त्याच्याच आकड्यांवर भाषण करणारा शेजारी पुढे गेलेला असतो. घरी आईबापांस मुलाची बुद्धी ठाऊक असते, म्हणून त्यांची चिंता अधिकच वाढते. मुलगा हुशार आहे, पण बोलत नाही. याचे कंपनीत कसे व्हावयाचे, हा प्रश्न आता लग्नकार्याइतक्याच काळजीने चर्चिला जातो.

अशा मनुष्यास 'अंतर्मुख' म्हणण्याची जी रीत पडली आहे तिचे मूळ कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या, मनोवृत्तींच्या प्रकारांवरील ग्रंथात आहे. युंगने हा शब्द दोष दाखविण्यासाठी योजिला नव्हता. मनाचा ओघ बाहेरच्या वस्तूंकडे वाहतो की आतल्या जगाकडे, हा भेद त्यास सांगावयाचा होता, आणि दोन्ही प्रकृती त्याच्या लेखी निकोप माणसांच्याच होत्या. पुढे शब्द विद्वानांच्या हातून निसटून कचेरीत शिरला आणि तेथे त्यास एखाद्या दुखण्याच्या नावाची कळा आली. कंपनी म्हटली की बोलक्यांचे राज्य, आणि ते पहिल्यापासून तसेच चालत आले आहे, असा एक समज आता दृढ झाला आहे. तो इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो हे पाहण्यासाठी आम्ही जिच्याकडे वळणार आहोत ती कंपनी आमच्या पूर्वजांच्या चांगल्याच ओळखीची होती.

लंडन शहराच्या व्यापारी भागात लेडनहॉल नावाचा रस्ता आहे. ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी, जिला 'ईस्ट इंडिया हाऊस' म्हणत, ती या रस्त्यावर होती. चोवीस डायरेक्टर, त्यांच्या समित्या, त्यांच्या हाताखाली हिशेबनीस, खजिनदार, पत्रव्यवहार तपासणारे आणि कारकुनांचा मोठा ताफा असा तो पसारा होता. शाळेत शिकलेल्या इतिहासामुळे कंपनी म्हटली की आम्हांस क्लाइव्ह, हेस्टिंग्ज, वेलस्ली, एल्फिन्स्टन आठवतात. तह करणारी, तोफा डागणारी, दरबारात खुर्ची टाकून बसणारी माणसे. परंतु या पुरुषांच्या प्रत्येक कृत्याचा जाब ज्या घरातून विचारला जाई, त्या घरात बसून जाब लिहिणाऱ्या बहुतेकांनी हिंदुस्थानचा किनारा कधीही पाहिला नव्हता. त्यांचे शस्त्र लेखणी, आणि त्यांचे रणांगण म्हणजे उतरत्या पाटीचे एक मेज.

५ एप्रिल १७९२ रोजी या घरात चार्ल्स लॅम्ब नावाचा सतरा वर्षांचा मुलगा हिशेबखात्यात रुजू झाला. बाप एका वकिलाच्या पदरी नोकर. मुलगा क्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेत शिकला, तेथे कवी कोलरिज त्याचा सोबती होता. लॅम्ब हुशार होता, पण त्याची जीभ अडखळत असे. त्या शाळेतील निवडक मुले विद्यापीठात जात व पुढे बहुधा धर्मोपदेशक होत. ज्यास चारचौघांत एक वाक्य सरळ उच्चारता येत नाही त्याने व्यासपीठावर चढून प्रवचन कसे करावे? कोलरिज केंब्रिजला गेला आणि जन्मभर अखंड बोलत राहिला. लॅम्बची वाट तेथेच खुंटली. वाणीने ज्यास नाकारले त्यास लेखणीने पदरात घेतले, आणि तेही फार आपुलकीने नव्हे. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पहिली तीन वर्षे पगार नाही.

पगार सुरू होऊन थोडाच काळ लोटला होता तोच या घरावर असा प्रसंग कोसळला की तो सांगताना आजही लेखणी अडते. २२ सप्टेंबर १७९६ रोजी लॅम्बची वडील बहीण मेरी हिने वेडाच्या झटक्यात आईला भोसकून ठार केले. लॅम्ब त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या आरंभी तो स्वतःही काही आठवडे वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला होता. बहिणीस जन्मभर कोंडून ठेवू नये म्हणून तिची हमी त्याने आपल्या शिरावर घेतली, लग्न केले नाही, आणि पुढील अडतीस वर्षे तिला सांभाळले. तिच्यासह लिहिलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांवरील कथा १८०७ साली प्रसिद्ध झाल्या, आणि आमच्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांस शेक्सपिअरची पहिली ओळख त्यांनीच करून दिली. मेरीला पुन्हा झटका येण्याची चिन्हे दिसू लागली की तो तिला हाताशी धरून इस्पितळात पोहोचवी आणि मग कचेरीत जाई. एवढे सगळे असताना लॅम्बच्या खतावण्या चालूच होत्या. चहा किती पेट्या, नीळ किती, लिलावात दर काय आला, येणे किती राहिले. रकाने भरले जात होते. आज कोणी समदुःखी वरिष्ठ त्यास जवळ बसवून मन मोकळे करावयास सांगेल. त्या काळच्या कचेरीने त्यास काहीच विचारले नाही. यात निष्ठुरता होती असे म्हणता येईल. पण ज्याचे दुःख बोलून कमी होणारे नव्हते त्यास दररोज सहा-सात तास कोणी न बोलता बसू देणे, हाही एक प्रकारचा आसरा होता असे आम्हांस वाटते.

या आसऱ्याचे कोडकौतुक लॅम्बने कधी केले नाही. मेजाला तो बेडीच म्हणत आला. नोकरीच्या पहिल्या काळात संतांच्या स्मृतिदिनांच्या ज्या अनेक सुट्ट्या मिळत त्या कंपनीने पुढे एकेक करून छाटल्या, याचे दुःख त्याच्या पत्रांतून पुनःपुन्हा डोकावते. कारकुनांची मेजे कठड्यांनी विभागलेली असत व अशा एका विभागास त्या कचेरीत 'कंपाऊंड' म्हणत. कंपाऊंड म्हणजे काय असे कोणी विचारले तेव्हा 'सिंपलांचा समूह' असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. या कोटीची गंमत कळावयास हे ध्यानात घेतले पाहिजे की, इंग्रजीत औषधाच्या मिश्रणास पहिला शब्द लावतात व त्यातील सुट्या वनस्पतीस दुसरा. आणि दुसऱ्याचा अर्थ भोळसट असाही होतो. उशिरा येतोस, असे वरिष्ठाने म्हटल्यावर, पण मी जातोही लवकर, असे त्याने ऐकविल्याची आख्यायिका तर सर्वश्रुतच आहे. म्हणजे हा मनुष्य मुखदुर्बळ होता, पण घुमा नव्हता. आठवड्यातून एका रात्री त्याच्या घरी मित्र जमत. हॅझलिटसारखे वाद घालणारे येत, पत्ते होत, आणि अडखळत्या जिभेतून अशा कोट्या बाहेर पडत की त्या सगळ्या लंडनभर फिरत. मोजक्या, जिवाभावाच्या माणसांत फुलणारा आणि परक्या घोळक्यात मिटणारा हा स्वभाव आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला आहे. त्याला माणूसघाणेपणा म्हणणे हे केवळ निरीक्षणाचे आळस होय.

१८२० पासून 'लंडन मॅगझिन'मध्ये 'इलिया' या टोपण नावाने त्याचे निबंध येऊ लागले. ते नावही त्याने एका जुन्या कारकुनाचेच घेतले होते. त्यातील पहिला निबंध ज्या 'साउथ सी हाऊस'वर आहे तेथे तो इंडिया हाऊसमध्ये येण्यापूर्वी काही महिने कामास होता. आपले खरे ग्रंथ कंपनीच्या फडताळांत आहेत, असा विनोदही तो करी. तेहेतीस वर्षांच्या खतावण्या एकावर एक रचल्या तर तो खोटा ठरला नसता. २९ मार्च १८२५ रोजी डायरेक्टरांनी त्यास सालीना ४४१ पौंड निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. त्यावर त्याने निबंध लिहिला. त्यात पहिल्या आनंदानंतरची ती विचित्र पोकळी आहे, आणि जुन्या सोबत्यांस भेटावयास गेलेल्या मनुष्यास आपल्याच खुंटीवर दुसऱ्याची टोपी पाहून काय वाटते तेही आहे. बेडी तुटली तेव्हा तिचा आधारही गेला.

कंपनीचे हे घर अगदी मुके होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच छपराखाली लिलावाचा मोठा दिवाणखाना होता आणि वर्षातून चार वेळा तेथे चहाची विक्री होई. त्या दिवशी दलालांचा व व्यापाऱ्यांचा जो गलका उठे तो जाड भिंतींतून रस्त्यावर ऐकू जाई, असे जुने वर्णनकार लिहितात. भागधारकांच्या सभेतही वक्तृत्वाचे फड रंगत. परंतु दलालास दलालाचे आणि कारकुनास कारकुनाचे काम होते. ज्याने बोली बोलावयाची त्याने ओरडावे, ज्याने ती टिपावयाची त्याने टिपावी. एकाचे गुण दुसऱ्याकडे नाहीत म्हणून कोणी त्यास शिकवणीस धाडीत नसे. आमच्या मते त्या आणि आजच्या कचेरीतील मुख्य भेद येथेच आहे.

लॅम्ब हिशेबखात्यात होता. राज्यकारभाराशी त्याचा संबंध नव्हता. ज्या खात्यात हिंदुस्थानास जाणारे खलिते लिहिले जात ते 'एक्झॅमिनर'चे खाते. १८१९ साली या खात्यात काम इतके तुंबले की कंपनीने बाहेरची माणसे घेण्याचे ठरविले. त्यांत हिंदुस्थानचा इतिहास लिहिलेला जेम्स मिल होता आणि टॉमस लव्ह पीकॉक हा कादंबरीकार होता. पीकॉकची परीक्षा कशी झाली? त्यास एका विषयावर लेख लिहून आणावयास सांगितले, आणि तो वाचून 'यात फाजील काही नाही, उणेही काही नाही' अशा अर्थाचा शेरा परीक्षकांनी मारला, हे प्रसिद्धच आहे. आज जेथे दहा उमेदवारांस एका मेजाभोवती बसवून, कोण कोणाचे बोलणे तोडून स्वतःचे पुढे रेटतो यावरून निवड होते, तेथे पीकॉक कदाचित तरलाही असता. तो गप्पिष्ट होता. पण त्याच्या पाठोपाठ आलेल्या मुलाविषयी आम्हांस तशी खात्री देववत नाही.

हा मुलगा म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. सतरावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ मे १८२३ रोजी, बापाने त्यास आपल्या हाताखाली बसविले. पुढे पस्तीस वर्षे तो त्या घरात राहिला आणि अखेर, १८५६ साली, पीकॉकच्या मागून बापाच्याच जागी चढला. तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकविलेला, समवयस्क मुलांत कधी न मिसळलेला, खेळ म्हणजे काय ते न कळलेला असा हा पुरुष. सकाळी दहाच्या सुमारास पायी कचेरीत यावे, तेथेच चहा, पाव व एक उकडलेले अंडे खावे, आणि मग कागदांत शिरावे, असा त्याचा क्रम त्याचे चरित्रकार बेन यांनी वर्णिला आहे. १८२६ साली त्याच्या मनाने एकाएकी असहकार पुकारला. ज्यासाठी जगावयाचे ते सगळे साध्य झाले तरी आपणांस सुख होणार नाही, असे त्यास दिसले आणि कित्येक महिने तो त्या अंधारात चाचपडत राहिला. बापास सांगितले नाही, मित्रास सांगितले नाही. सवयीच्या बळावर काम मात्र चालू राहिले, असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. लॅम्ब त्याच सुमारास निवृत्त झाला होता. एकाच घराच्या दोन मजल्यांवर नव्हे, तरी एकाच घराच्या दोन पिढ्यांत, मौनाचे हे दोन मासले आम्हांस सापडतात.

खलिता तयार होण्याची रीत अशी होती. मुंबईहून, मद्रासेहून किंवा कलकत्त्याहून पत्र येई. त्यातील कलमांस आकडे घातलेले असत आणि सोबत जबान्या, हिशेब, नकला यांची बाडेच्या बाडे जोडलेली असत. आगबोटी नियमित होण्यापूर्वी केपला वळसा घालून येण्यास पाच-सहा महिने लागत. ती सारी बाडे एकाने एकट्याने बसून वाचावयाची, प्रत्येक कलमास उत्तराचा मसुदा लिहावयाचा, तो अध्यक्षांस दाखवावयाचा, सरकारी नियंत्रण मंडळाकडे पाठवावयाचा, तेथील दुरुस्त्यांवर पुन्हा लिहावयाचे, आणि डायरेक्टरांच्या सह्या होऊन तो जहाजावर चढे तोपर्यंत वर्ष उलटून जावयाचे. या कामास काय हवे? चिकाटी, स्मरण, एकांत सहन करण्याची शक्ती, आणि वाक्य नेमके करण्याचा हट्ट. बोलघेवड्याचा येथे जीव गुदमरला असता. मिलने अशा सुमारे सतराशे खलित्यांचे मसुदे लिहिले. १८५२ साली लॉर्डांच्या समितीपुढे साक्ष देताना, हिंदुस्थानचा सर्व कारभार लेखी चालतो, प्रत्येक हुकूम व त्याचे कारण कागदावर नोंदलेले असते, आणि चांगल्या राज्यकारभाराची याहून मोठी हमी दुसऱ्या कोणत्याही सरकारात नाही, असे त्याने अभिमानाने सांगितले. अबोल मनुष्याने आपल्या स्वभावाचे इतके भव्य समर्थन क्वचितच केले असेल.

येथवर आलेला वाचक अशी अपेक्षा करील की, आता आम्ही त्या मुक्या कचेरीचे गोडवे गाऊन आजच्या बोलक्या कचेरीस नावे ठेवू. तसे करता आले असते, साताऱ्याचे रंगो बापूजी आड आले नसते तर.

छत्रपती प्रतापसिंहांस मुंबई सरकारने १८३९ च्या सप्टेंबरात गादीवरून दूर केले आणि काशीस धाडले. आरोप होते, कागद होते. पण ज्यावर ते होते त्यास उघड चौकशीत आपली बाजू मांडू दिलेली नव्हती. त्यांची दाद मागण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० साली लंडनास पोहोचले. पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ हा प्रभू गृहस्थ त्या परक्या, थंड शहरात राहिला. अर्ज केले, पुस्तके छापून वाटली, जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्प्सन अशी माणसे मिळविली. भागधारकांच्या सभेत, त्याच लेडनहॉल रस्त्यावरील घरात, साताऱ्याच्या प्रश्नावर वारंवार वाद झाले. आणि निष्पन्न काय झाले? मुंबईहून जे कागदावर आले होते तेच कागदावर कायम राहिले. १८४७ साली प्रतापसिंह काशीस वारले. १८४८ साली साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. १८५३ अखेर रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले, आणि १८५७ च्या धामधुमीत ते नाहीसे झाले ते कायमचे. त्यांची कहाणी प्रबोधनकार ठाकरे यांनी मराठीत सविस्तर लिहिली आहे. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी.

देशी संस्थानांच्या पत्रव्यवहाराचे काम या सर्व काळात मिलच्या खात्यात, आणि बहुतांशी त्याच्याच मेजावर होते. म्हणजे एकाच वेळी, एकाच वास्तूत, एकीकडे साताऱ्याचा जिवंत वकील दाराशी उभा होता, आणि दुसरीकडे त्या काळातील इंग्लंडचा कदाचित सर्वांत प्रामाणिक बुद्धिमान मनुष्य हिंदुस्थानातील संस्थानांविषयी कागद वाचीत होता. दाराशी उभ्या असलेल्या मनुष्याचे बोलणे कागदावर उतरून, क्रमांक पडून, योग्य मार्गाने वर आल्याशिवाय त्या घरास ऐकू येत नसे. ज्या मौनाने लॅम्बला आसरा दिला आणि मिलला तर्कशास्त्रावरील ग्रंथ लिहावयास फुरसत दिली, तेच मौन रंगो बापूजींच्या वाट्यास भिंत होऊन आले. हा हिशेब मांडल्याशिवाय अबोलांच्या कचेरीची तरफदारी करणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही.

असो. १८५८ साली कंपनीचे राज्य संपले, परंतु तिची लेखी पद्धत येथेच राहिली, आणि त्या पद्धतीवरच आमचा मध्यमवर्ग वाढला. मामलेदार कचेरी, रेल्वे, पोस्ट, सेक्रेटरिएट. टिपण, शेरा, मसुदा, नक्कल. या जगात अबोल असणे हे कमीपणाचे नव्हते. 'मान वर करून बोलणार नाहीत, पण कागद हातात पडला की निकाल', अशी ज्यांची ख्याती होती ते आजोबा आमच्या बहुतेक घरांच्या भिंतींवर चौकटीत बसलेले आहेत. त्यांच्या काळी ज्यास 'कामाचा माणूस' म्हणत त्याच्याच नातवास आज 'स्वतःस मांडता येत नाही' असे ऐकावे लागते.

हा पालट कसा झाला, याचे उत्तर अमेरिकेत शोधावे लागते. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतून माल इतका निघू लागला की तो करण्यापेक्षा खपविणे अवघड झाले, आणि खपविणारा मनुष्य कंपनीचा नायक झाला. वॉरन सुस्मन या इतिहासकाराने दाखविले आहे की, तेथील हितोपदेशपर पुस्तके एकोणिसाव्या शतकात शीलाविषयी बोलत आणि विसाव्यात व्यक्तिमत्त्वाविषयी बोलू लागली. शील एकट्यानेही पाळता येते. व्यक्तिमत्त्वास प्रेक्षक लागतात. आमच्या भाषेतही तेच घडले. जुन्या क्रमिक पुस्तकांत 'शीलसंवर्धन' असे. आज गल्लोगल्ली 'व्यक्तिमत्त्व विकास' वर्गांच्या पाट्या दिसतात. डेल कार्नेगी याने १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये भाषणकलेचे वर्ग काढले, आणि १९३६ साली लोकसंग्रहाच्या युक्त्या सांगणारे त्याचे पुस्तक निघाले, ते आजही रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे मिळते. जाहिरातीच्या धंद्यातील अ‍ॅलेक्स ऑस्बर्न याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात असा प्रचार केला की, दहा जणांनी एकत्र बसून मनात येईल ते बोलून टाकावे, त्यातून कल्पना निघतात. दहा वर्षांनी, १९५८ साली, येल विद्यापीठातील तिघांनी ही गोष्ट तपासली, तेव्हा एकेकटे बसवून मग एकत्र केलेल्या कल्पना गटाच्या कल्पनांहून अधिक भरल्या. प्रयोग विद्वानांच्या नियतकालिकात राहिला; सभा मात्र कचेऱ्यांत चालूच आहेत.

घरांची रचनाही या मताप्रमाणे बदलली. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतील श्नेले बंधूंनी कचेरीच्या भिंती काढून टाकण्याचा पंथ काढला. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट याने कामगारास हलते-फिरते, मोकळे मेज मिळावे म्हणून १९६४ आणि १९६८ साली नव्या सामानाची योजना केली. कंपन्यांनी तिच्यातून खर्चाची बचत तेवढी उचलली आणि तिचे खुराडे केले. मग खुराड्याच्याही भिंती नकोशा झाल्या, आणि पुण्या-बेंगळुरूच्या कचेऱ्यांतून लांबच लांब मेजे आली, जेथे प्रत्येकाची पाठ कोणाच्या तरी दृष्टीस असते. हेतू असा की माणसे एकमेकांशी बोलतील. २०१८ साली बर्नस्टीन आणि टर्बन या दोघा संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्यांत, भिंती काढण्यापूर्वी व नंतर, नोकरांच्या अंगावर यंत्रे लावून मोजणी केली. समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते, आणि संगणकावरून धाडलेले निरोप वाढले होते. भिंती गेल्या तेव्हा माणसांनी कानांत बोळे घालून स्वतःच्या भिंती उभारल्या. लॅम्बच्या 'कंपाऊंड'चा कठडा बरा म्हणावयाचा. २०२० च्या साथीत सर्व जग घरी बसले तेव्हा पुष्कळ अबोलांस, कामावर असताना प्रथमच मोकळा श्वास घेतल्यासारखे झाले, हे आता उघडपणे बोलले जाते. पण त्यावर लगेच पडद्यावरच्या सभांचा उतारा निघाला.

बोलक्या कचेरीत रंगो बापूजींचे तरी अधिक ऐकले गेले असते का? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे सगळेच बोलतात तेथे जो आधीच आत बसलेला आहे त्याचाच आवाज मोठा असतो. दाराशी उभ्या असलेल्यास तेथेही थांबावेच लागते. आणि आत बसलेल्यांपैकी जो सर्व कागद वाचून आला आहे, ज्यास तिसऱ्या पानावरील चूक ठाऊक आहे, तो नेमका त्या गलक्यात हात वर करीत नाही. मिल १८६५ साली पार्लमेंटात निवडून गेला, तोही मतदारांच्या दारोदार न फिरता. त्याचा आवाज बारीक होता, पुष्कळदा ऐकूच येत नसे; तरी त्याचे म्हणणे काय हे कळावे म्हणून सभासद जवळ येऊन बसत, असे सांगतात. स्त्रियांस मताधिकार मिळावा अशी दुरुस्ती त्याने १८६७ साली तेथेच मांडली. ऐकण्याचे कष्ट घेणारी सभा असेल तर बारीक आवाजही चालतो.

ईस्ट इंडिया हाऊस १८६१ साली विकले गेले आणि पाडले. त्याआधी कंपनीच्या जुन्या कागदांचा मोठा ढीग रद्दीत गेला. लॅम्बचे ते 'खरे ग्रंथ' त्यांतच गेले असावेत. त्या जागेवर आज लॉइड्स या विमा-बाजाराची १९८६ साली उघडलेली इमारत उभी आहे. नळ, जिने, पाळणे सगळे बाहेरच्या अंगास काढून आतली जागा शक्य तितकी एकसंध ठेवावी, अशी तिची रचना आहे. तळाशी एक प्रचंड दालन आहे, ज्यास ते लोक नुसते 'खोली' म्हणतात. तेथे विमा उतरविणारे आपापल्या मेजाशी बसतात आणि दलाल त्यांच्यासमोर जाऊन, तोंडाने बोलून, जहाजांचे, विमानांचे व कारखान्यांचे सौदे ठरवितात. कॉफीगृहातून जन्मलेल्या त्या बाजारास समोरासमोरच्या बोलण्याचा मोठा अभिमान आहे. कंपनीचे जे कागद रद्दीतून वाचले ते तेथून काही मैलांवर, ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदुस्थानविषयक सगळ्या दप्तराची फडताळे मिळून सुमारे १४ किलोमीटर भरतात. मिलचे मसुदे त्यांत आहेत, आणि साताऱ्याची बाडेही आहेत. ज्यास पाहिजे त्याने मागणी नोंदवावी. थोड्या वेळाने बाड मेजावर येते, आणि वाचनकक्षात शेजाऱ्याशी बोलण्याची मुभा नसते.